माळेतलं पहिलं बटण

देणाऱ्याचा हात मोकळा असावा हे मावशीलाही मान्य होतं, पण सुनेचा हात मोकळा नव्हता, फाटका होता. घरातली छत्री दिली ती दोन वर्षं परत आली नाही. मोठं पातेलं शेजारणीकडे गेलं ते तिथंच नांदायला लागलं. मावशी जिने कुणाला कागदसुद्धा कापू देत नसे ती चांगली कात्री समोरच्या बिऱ्हाडातल्या पोरीला चित्रं कापायला दिली. हे सगळं मावशीने पोटात घातलं, म्हणजे रोज एकदा बोलून दाखवलं आणि मग पोटात घातलं. पण मंगळवारी भाजीच्या गाडीपाशी सुनेच्या कारखान्यातल्या इस्त्रीवालीने जे कानात सांगितलं ते पोटात मावण्यातलं नव्हतं. सुनेने आपला नंबर दुसरीला देऊन टाकला होता.

नंबर म्हणजे मुलाचा नंबर. शर्टाच्या ज्या कारखान्यात मावशीने दहा वर्षांपूर्वीपर्यंत एकतीस वर्षं काजं केली आणि आता सून कफ शिवत होती, तिथं मूल हवं असलेल्या प्रत्येक बाईचं एक बटण दोऱ्यात ओवलेलं असे. माळेत ज्या बाईचं बटण सगळ्यात पुढं, तिचा नंबर. तिने बाळंत व्हावं, घरी राहावं, आणि परत येईल तेव्हा तिची खुर्ची तिची वाट बघत असेल. सुनेचं निळं बटण सहा वर्षं मुंगीच्या पावलाने पुढं सरकत सरकत या महिन्यात टोकाला आलं होतं. मावशीने कापणीतून उरलेल्या मऊ कापडाची सात झबली शिवून पेटीत ठेवली होती. आणि ह्या दानशूर बाईने तो नंबर कुणाला द्यावा, तर कॉलरवालीला. चाळिशी गाठलेल्या, कधी कुणाला चहाचा घोट न विचारणाऱ्या कॉलरवालीला.

"आणि तुझी सून आता कुठं माहीत आहे ना?" इस्त्रीवालीने वर मीठ चोळलं होतं. "शेवटी. अकरावी."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाजी न घेता ती घरी आली, आणि पेटीवर जाऊन बसली, जणू कुणी झबलीसुद्धा मागायला येणार होतं.

राग यायला कारण होतं. ती माळ मावशीची होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका लाईनवर चाळीस बायका होत्या, आणि एकाच महिन्यात तिघींना दिवस गेले. तेव्हाच्या मालकाने तिघींनाही फाटकाबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने मशीन सुरू केलं नाही. हात मांडीवर ठेवून बसली. शेजारची बसली, तिच्या शेजारची बसली, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाळीसच्या चाळीस बायका हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मालक नरमला, पण रडगाणं गायला लागला की सगळ्या एकदम गेल्या तर मी लाईन चालवू कशी. मावशी म्हणाली, ते आमचं आम्ही बघतो. टाकाऊ बटणांचा डबा तिने मेजावर पालथा केला आणि एकेकीला आपापलं बटण निवडायला लावलं. कागदावर नावं लिहिली असती तर निम्म्या बायकांना ती वाचता आली नसती, खुद्द मावशीलाही अडखळत अडखळतच आली असती. बटण मात्र आंधळीलाही ओळखता येतं. ठरलं असं की एका वेळी चौघी बाहेर, उरलेल्या छत्तीस जणींनी त्यांचं काम वाटून उचलायचं. दोऱ्याच्या शेवटी गाठ सुटू नये म्हणून मावशीने आपल्या कोटाचं काळं मोठं बटण अडकवलं. तिचा स्वतःचा लेक तेव्हा सहा वर्षांचा होता. तिला नंबर नको होता, फक्त माळ तुटायला नको होती.

ही गोष्ट सून घरात आली त्या पहिल्या आठवड्यात तिने चार वेळा ऐकली होती. एकही खुर्ची गेली नाही आणि एकही पाळणा रिकामा राहिला नाही, असं मावशी प्रत्येक वेळी शेवटी म्हणत असे. मध्ये एक छोटा तुकडा होता तोही ती अभिमानाने सांगे. पॅकिंगमधल्या एका पोरीने नंबर मोडला. नवव्या जागेवर बटण असताना तिला दिवस राहिले. मावशीने सगळ्यांना सांगितलं, हिचं काम कुणी उचलायचं नाही. पोरगी रडली, हातापाया पडली, आणि आठवड्यात काम सोडून गेली. नियम म्हणजे नियम, मावशी म्हणे. एकीला सोडलं की चाळीस जणी उधळतात.

मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत मावशी सुनेशी बोलली नाही. बोलली नाही म्हणजे सुनेशी नाही. भिंतीशी, तव्याशी आणि नळाशी पुष्कळ बोलली. दीड खोलीच्या घरात न बोलणंही मोठ्या आवाजात करावं लागतं. पडद्याच्या अलीकडे तिची खाट, पलीकडे लेक आणि सून. सून सकाळी उठे, डोळ्यांना चष्मा लावे, डबा भरे आणि जाई. तोंडातून ब्र नाही. या पोरीचं हेच मावशीला सहन होत नसे. भांडणाऱ्या बाईशी भांडता येतं, पण गप्प बसणाऱ्या बाईपुढे माणूस एकटाच वेड्यासारखा ओरडत राहतो.

शुक्रवारी संध्याकाळी ताटं वाढली तेव्हा बांध फुटला. मावशीने सगळं बाहेर काढलं, छत्रीपासून. म्हणाली, आपलं हसू करून घ्यायची हौस होती तर मला तरी आधी सांगायचं होतंस. बत्तिसाव्या वर्षी बाई शेवटी जाऊन उभी राहते, वर्षाला एकीचा नंबर, म्हणजे हिचा नंबर येईपर्यंत हिच्या डोक्यावरचे केस पांढरे होतील आणि माझ्या तर फोटोला हार चढलेला असेल.

लेक म्हणाला, जाऊ दे ना आई. लेक सहा-सहा महिन्यांच्या कराराच्या कागदावर सामान पोचवायची गाडी चालवत असे. गेल्या चार वर्षांत त्याने 'जाऊ दे ना' याखेरीज घरात दुसरं वाक्य उच्चारल्याचं मावशीला आठवत नव्हतं. ती म्हणाली, "तू गप्प बस. तुझा कागद पक्का झाला की बोल."

ते त्याला लागलं. त्याने ताट सारलं. आणि तेव्हा सून बोलली. आवाज चढवला नाही, घास खाली ठेवला एवढंच.

"अहो आई, वर्षाला एक असं तुम्ही आत्ता म्हणालात. तुमच्या वेळी चौघी होत्या ना? मग एक कधी झाली, ते विचारलंत का कुणाला?"

 मावशीने खरंच विचारलं नव्हतं. माळ आहे एवढंच तिला माहीत होतं, आणि आहे म्हणजे जशी ठेवली तशी आहे.

सून पुढे म्हणाली, नंबर लागला असता तरी काय झालं असतं. ह्यांचा कागद कधी संपेल ते ह्यांनाही माहीत नाही. माझी खुर्ची गेली तर हे घर एका माणसावर चालत नाही. सुट्टी संपल्यावर पोर कुणाजवळ ठेवायचं, तुम्ही तर दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगता, आता माझ्याच्याने पोर उचलणं होणार नाही, गुडघे गेले माझे. "मी मोजून बघितलं, आई. सगळीकडून मोजलं. मग म्हटलं, जिच्या उपयोगी पडेल तिला तरी पडू दे."

"तिच्या कसला उपयोग? ती चाळीस वर्षांची घोडी."

"उद्या येऊन बघा," सून म्हणाली. "तुमची माळ आता साहेबांच्या केबिनमध्ये असते."

मावशीला रात्री झोप लागली नाही हे सांगायला नको. सकाळी सून कामाला निघाली तेव्हा तिचा चष्मा सापडला नाही. तो मावशीच्या उशीखाली होता. तिनेच ठेवला होता. चष्म्याशिवाय कफ शिवणं अवघड, आणि कफवालीला चष्मा नेऊन देणाऱ्या म्हातारीला फाटकावरचा माणूस अडवत नाही, एवढी अक्कल मावशीला शाळेत न जाताही होती.

शिवण्याच्या दालनात पाऊल टाकल्याबरोबर तिला काहीतरी खटकलं. आवाज तोच होता, सुया तशाच धडधडत होत्या, कापडाचा तोच कोरडा वास. पण मशीनच्या रांगेत मध्ये मध्ये रिकामी जागा होती, जशी म्हाताऱ्याच्या दातांमध्ये असते तशी. तिने मोजलं. अठरा. तिने परत मोजलं, कारण मोजण्यावर तिचा स्वतःचा भरवसा नव्हता. अठराच. आणि शर्टांचे ढीग चाळीस जणींच्या वेळी होते तेवढेच. एकेक बाई दोघींचं शिवत होती, मान वर न करता. चाळीसांतून चौघी गेल्या तर ओझं छत्तीस जणींत वाटता येतं. आधीच दुप्पट वाहणाऱ्या अठरा जणींतून चौघी गेल्या तर मागे उरणाऱ्यांची पाठ मोडेल. हे हिशेब न शिकलेल्या बाईलाही कळण्यासारखं होतं. बायका कुणी कमी केल्या होत्या ते मात्र कुणी माळेत ओवलेलं नव्हतं.

सुनेला चष्मा देताना मावशीने पलीकडच्या मशीनकडे पाहिलं. कॉलरवाली खुर्ची मागे सरकवून बसली होती. हात लांब करून कॉलर शिवत होती, आणि कामाचा झगा पुढून सैल सोडला होता. एकतीस वर्षं ज्या बाईने बायकांच्या शेजारी बसून काढली तिला झगा कशासाठी सैल सोडतात ते सांगावं लागत नाही. तिसरा महिना संपत आला असावा. नंबर मिळून पंधरा दिवस झाले नव्हते.

सुनेने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि कापडाकडे बघतच हळू आवाजात सांगितलं. कॉलरवालीचं बटण पाचवं होतं. दोन वर्षांपूर्वीही तिला असंच नंबर नसताना राहिलं होतं. तेव्हा तिने ताप आला म्हणून चार दिवसांची रजा काढली, आणि पाचव्या दिवशी येऊन मशीनवर बसली. ताप कसला तो सगळ्या लाईनला माहीत होता. कुणी काही बोललं नाही, कारण नंबर तिचा नव्हता. या वेळी ती परत रजेचा अर्ज घेऊन निघाली होती. सुनेने तो तिच्या हातातून काढून घेतला.

 पॅकिंगमधल्या त्या पोरीचा चेहरा मावशीला आठवायचा नव्हता, म्हणून तो आठवला.

तेवढ्यात साहेब आले. तरुण होते, मावशीच्या लेकाएवढे, आणि वागायला गोड. मावशीचं नाव ऐकून ते चक्क वाकले. म्हणाले, तुमच्याविषयी फार ऐकलंय, या ना, बसा. केबिनच्या दारालाच खिळ्यावर माळ टांगलेली होती. अकरा बटणं आणि शेवटी कोटाचं काळं. वरच्या ऑफिसातून पाहुणे आले की मी त्यांना हेच दाखवतो, साहेब म्हणाले. बायकांनी बायकांसाठी केलेली व्यवस्था. आम्ही फक्त जपलीय.

मावशीने विचारलं, चौघींची एक कधी झाली.

साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की लाईन लहान झाली, तसं प्रमाणही बदललं. कुणावर जबरदस्ती नाही. नंबर नसताना कुणी बाळंतपणाला गेलं तर कंपनी तिला काढत नाही, तिने स्वखुशीने काम सोडलं असं धरलं जातं. आणि नंबर कुणाला द्यायचा असेल तर द्यावा, फक्त देणारीने मग शेवटी जावं, म्हणजे कुणी गंमत म्हणून देत-घेत बसत नाही. "हा नियम तर तुमचाच आहे, मावशी. पॅकिंगमधल्या एका मुलीला तुम्हीच घालवलं होतं ना? जुन्या बायका सांगतात."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा असतो. बीळ मावशीने खोदलं होतं, स्वतःच्या नखांनी, आणि नागोबा तिलाच बीळ कसं छान आहे ते सांगत होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. मालकाशी भांडून आणलेला दोरा अठ्ठावीस वर्षांत कधीतरी, कुणाच्याही नकळत, बायकांच्या गळ्यात गेला होता, आणि पहिली गाठ तिचीच होती.

"बघू," मावशी म्हणाली आणि माळ खिळ्यावरून काढली. साहेबांना वाटलं म्हातारीला हातात घेऊन बघायचीय. ते हसले. मावशी माळ घेऊन दालनात गेली, लाईनच्या मधोमध उभी राहिली, आणि धागा दातांत धरला. शिवणारी बाई धागा कात्रीने कापत नाही, दातांनी तोडते. तिचे दात अजून पक्के होते.

बटणं फरशीवर उडाली. एक मशीन थांबलं, मग दुसरं, मग सगळी.

"हरकत नाही," साहेब मागून म्हणाले. ते रागावलेसुद्धा नाहीत, हे सगळ्यात वाईट. "यादी कॉम्प्युटरवर आहे. माळ आम्ही आपली आठवण म्हणून ठेवली होती."

मावशीला क्षणभर वाटलं, धरणीने पोटात घेतलं तर बरं. एवढ्या तोऱ्यात आलो, दातांनी दोरा तोडला आणि झालं काय, तर फरशी झाडायचं काम वाढलं. पण तोंड तिचं शाबूत होतं, आणि तोंड असेपर्यंत ती कधी हरली नव्हती. तिने बायकांना सांगितलं की ही बटणं साहेबांनी दिलेली नाहीत. ज्या दिवशी ती वाटली त्या दिवशी आधी चाळीस जणी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, माळ नंतर आली. मी तुम्हाला माळेची गोष्ट सांगत राहिले आणि बसण्याची विसरले. आणि त्या पोरीला घालवलं ते पाप केलं, नियम नव्हता तो. हे ती अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा बोलली, आणि तेही अठरा जणींसमोर.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.  मग ओव्हरलॉकच्या मशीनवरची एक वाकली, आपलं हिरवं बटण तिने उचललं आणि खिशात टाकलं. साहेबांकडे दिलं नाही. मग दुसरी वाकली. एकेकीने आपापलं बटण ओळखून उचललं. कोटाचं काळं तेवढं फरशीवर राहिलं. ते मावशीने उचललं, गुडघे न धरता.

साहेब म्हणाले, सुरू करा आता, माल आज जायचाय. कुणी सुरू केलं नाही. कॉलरवाली उठली. तिने झग्याचे बंद हातात घेतले, पुढून मागे ओढले आणि घट्ट बांधले. पोट दिसलं. लहानच होतं, पण दिसलं.

"कॉम्प्युटरवर हेपण लिहा," ती म्हणाली. "माझं बाळंतपण माझ्या नावावर. हिच्या नंबरावर नाही."

आणि सून, तोंडातून ब्र न काढणारी सून, आपल्या खुर्चीतूनच म्हणाली, "माझं नाव जिथं होतं तिथं राहू द्या. पहिलं."

साहेब एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. एका जागेवर दोन बायका, आणि सोळा जणी हात मांडीवर ठेवून बसलेल्या. शेवटी म्हणाले, वर विचारावं लागेल. मावशीला हे वाक्य जुनं ओळखीचं होतं. जुना मालकही सकाळी 'भागीदारांना विचारावं लागेल' म्हणाला होता, आणि दुपारी नरमला होता. पण तेव्हा चाळीस जणी होत्या, आज अठरा. मनाची समजूत घालायला ती तयार नव्हती. उत्तर सोमवारी मिळणार होतं, आणि ते काहीही असू शकत होतं. जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली तरी एकही मशीन सुरू झालेलं नव्हतं.

सून तिला पोचवायला फाटकापर्यंत आली.  फाटकापाशी सुनेने विचारलं की चष्मा कुठं सापडला.  मावशीने मुठीतलं काळं बटण सुनेच्या झग्याच्या खिशात टाकलं, खिसा वरून दाबला, आणि तिच्याकडे बघून म्हणाली:

"ऐक. छत्री दिलीस, पातेलं दिलंस, ती तुझी चूकच आहे, त्यावर मी मरेपर्यंत बोलणार. नंबर दिलास ते बरोबर केलंस. मला जमलं नव्हतं ते तू केलंस, आणि मी चार दिवस तुझ्याशी भिंतीआडून भांडले. आता माझं ऐक आणि परत मोजायला बसू नकोस. मूल हवं असेल तर हवं म्हण, नको असेल तर नको म्हण, तोंडावर, मला आणि त्याला आणि त्या साहेबालासुद्धा. पण रांगेत उभं राहून मूल मागायचं नाही. माझ्या घरातली बाई मागायची नाही. खुर्ची काढून घेतली तर मी रोज सकाळी या फाटकात येऊन उभी राहीन. आणि गुडघ्यांचं जे मी लोकांना सांगते ना, ते खोटं आहे. चांगले आहेत माझे गुडघे."